महिन्याचा आढावा एका पानात: आवडी, भटकंती आणि नेम यांची नोंद नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

महिन्याभरात काय आवडले, कुठे जाणे झाले आणि ठरवलेल्या नेमांपैकी काय टिकले, याचा एक पानी आढावा लिहून तो जवळच्या माणसांना पाठवण्याची पद्धत मी काही वर्षांपासून पाळत आले आहे. ते पाहून ओळखीतल्या काहींनी असा आढावा सुरू केला आणि बहुतेकांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अडली. त्यांचे प्रश्नही साधारण तेच होते: इतक्या गोष्टींतून निवडायचे काय, प्रवास झालाच नाही तर लिहायचे काय, आणि नेम मोडला असेल तर तो लोकांना सांगायचा कशाला. पुढील टप्पे त्या प्रश्नांना धरूनच मांडले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीची पद्धत तिच्यावरच बेतलेली आहे. आढावा महिनाअखेरीस लिहिला जातो, पण तो तयार महिनाभर होत असतो. ३० तारखेला कोरा कागद घेऊन बसणाऱ्याला शेवटच्या आठवड्यापलीकडचे फारसे आठवत नाही. मग एखादे लग्न, एखादी सहल आणि एखादे आजारपण एवढाच महिना कागदावर उतरतो, आणि जे खरोखर वाचण्याजोगे होते ते गळून जाते.

लागणारे साहित्य

- एक शंभर पानी वही किंवा फोनमधील नोंदींचे ॲप. दोन्ही नकोत, नोंद एकाच ठिकाणी असावी.
- तिथी दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका.
- फोनमधील फोटो.
- यूपीआय ॲपमधील व्यवहारांची यादी किंवा बँकेचा त्या महिन्याचा उतारा.
- रेल्वे, एसटी, नाटक, लेणी, संग्रहालय यांची तिकिटे आणि ती ठेवायला एक लिफाफा.

विकतचे ॲप, रंगीत पेने, छापील तक्ते यांची गरज नाही. अशी खरेदी सुरुवातीला करणाऱ्यांचा उत्साह बहुधा खरेदीबरोबरच संपतो, असे माझे निरीक्षण आहे.

१. वाचणारा कोण, हे आधी ठरवा

आढावा फक्त स्वतःसाठी आहे, घरच्यांच्या ग्रुपसाठी आहे, की परदेशी गेलेल्या भावंडांसाठी आहे, यावर त्यातला मजकूर बदलतो. सांगलीतल्या आजीला तुम्ही कोणते ॲप वापरता याच्याशी कर्तव्य नसते, परंतु कोणाकडे जेवलात हे तिला तपशिलात हवे असते. तर म्युनिकमध्ये राहणाऱ्या भाचीला या वर्षी हापूस कधी आला आणि घराजवळचा कोणता रस्ता खणला हेच वाचायचे असते. दोघींसाठी एकच मजकूर लिहिण्याचा प्रयत्न केला की तो दोघींनाही परका वाटतो. सुरुवातीला वाचणारे एक-दोनच धरावेत.

२. महिना कोणता धरायचा, हे पक्के करा

पगार, बिले आणि फोनमधील सगळ्या नोंदी इंग्रजी महिन्याप्रमाणे चालतात, म्हणून सांगाडा इंग्रजी महिन्याचाच ठेवावा. तरीही शीर्षकाच्या खाली मराठी महिना अवश्य लिहावा, कारण सण, रानभाज्या आणि चातुर्मासातले नेम तिथीने चालतात. हे न केल्यास मागच्या वर्षीशी तुलना करताना घोटाळा होतो. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलैला सुरू झाला आणि निज श्रावण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालला. ज्यांच्या वहीत त्या वर्षी फक्त ‘ऑगस्ट’ असे लिहिलेले असेल, त्यांना पुढच्या वर्षी उपवास, गौरी-गणपतीची खरेदी आणि गावची फेरी यांचा मेळ लागणे अवघड जाते.

३. कच्ची नोंद रोजच्या रोज करा

या टप्प्यावर सर्वांत जास्त माणसे गळतात. रोज एक ओळ पुरे, पण ती त्याच दिवशी लिहिलेली असावी. ‘मंगळवार. कोर्टनाक्याजवळ नवे पुस्तकाचे दुकान दिसले, बंद होते’ एवढीच ओळ महिनाअखेरीस पुष्कळ काही उलगडून देते. ज्या दिवशी काहीच घडले नाही असे वाटते, त्या दिवशी काय खाल्ले ते लिहावे.

वहीशिवाय इतर चार ठिकाणांहून महिना जमा होत असतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी एकेक खड्डा आहे.

तिकिटे: एसटीची आणि अनेक ठिकाणच्या प्रवेशाची तिकिटे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर ती लवकर पुसट होतात, आणि प्लास्टिकच्या पाकिटातही फार दिवस धड राहत नाहीत. तिकीट हातात पडताच त्याचा फोटो काढावा. मूळ तिकीट लिफाफ्यात ठेवायचे ते हौसेसाठी.

फोटो: सहलीनंतर मित्रांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंमध्ये काढल्याची मूळ तारीख आणि ठिकाण शिल्लक राहत नाही; ते ज्या दिवशी तुमच्या फोनमध्ये उतरले त्या दिवसाखाली जाऊन बसतात. त्यामुळे रविवारच्या किल्ल्याचे फोटो बुधवारच्या ऑफिसच्या फोटोंत मिसळतात. असे फोटो आले की लगेच त्या सहलीच्या नावाचा वेगळा अल्बम करून त्यात टाकावेत.

यूपीआयची यादी: महिना पुन्हा उभा करायला याइतके चांगले साधन नाही, कारण चहापासून नाटकाच्या तिकिटापर्यंत सारे वेळेसकट तिथे नोंदलेले असते. अडचण अशी की छोट्या दुकानाला पैसे दिले की यादीत पुष्कळदा दुकानाचे नाव न येता खातेदार मालकाचे नाव येते. तीन आठवड्यांनी त्या नावावरून ती मिसळ होती की चपलेची शिवण, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून पैसे देतानाच शेऱ्याच्या जागी ‘मिसळ’, ‘शिवण’, ‘रिक्षा’ असा एक शब्द टाकण्याची सवय लावून घ्यावी.

नकाशातील टाइमलाइन: तुम्ही कुठे कुठे गेलात याची गूगल मॅप्सने ठेवलेली ही नोंद आता तुमच्या फोनमध्येच साठते. फोन बदलताना तिचा बॅकअप चालू नसेल तर मागचे सगळे जाते. ज्यांना आपल्या येण्याजाण्याची अशी नोंद नकोच आहे त्यांनी ती बंद ठेवावी. वहीतल्या ओळीवर काम भागते.

४. आवडींतून पाचच निवडा

आवडी म्हणजे पुस्तक, नाटक, पदार्थ, एखादे झाड, एखादी वस्तू, कोणाशी झालेले बोलणे, काहीही. मर्यादा मात्र पाचाची ठेवावी. पंधरा गोष्टींची यादी वाचताना वाचकाची नजर घसरत जाते आणि लिहिणाराही प्रत्येकीला ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘नक्की करून पाहा’ असे एकेक विशेषण वाटून मोकळा होतो. प्रत्येक नोंदीत काय, कुठे आणि का, हे तिन्ही असावे. त्यातले ‘का’ राहिले की नोंदीची जाहिरात होते.

एक नमुना देते. शेवळे ही पावसाळ्याच्या तोंडावर मिळणारी रानभाजी. ‘शेवळांची भाजी खाल्ली, अप्रतिम!’ ही नोंद निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल:

‘शेवळे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या दमदार पावसानंतर, ठाणे स्थानकाबाहेर आदिवासी बायकांच्या टोपल्यांत जुड्या दिसल्या. सोबत काकडे ही आंबट रानफळे मागून घेतली. ती मिळाली नाहीत तर चिंच सढळ हाताने घालावी लागते, नाहीतर घसा खाजतो. वरची साले सोलून, आतला पिवळा भाग काढून, बारीक चिरून भाजी केली आणि त्यात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घातले. निवडायलाच पाऊण तास गेला. वर्षातून एकदा एवढी खटपट परवडते, कारण ही चव बाकीच्या अकरा महिन्यांत कोणत्याच भाजीला येत नाही.’

ही नोंद पुढच्या वर्षी तुम्हालाही उपयोगी पडते: बाजारात नजर कधीपासून ठेवायची, सोबत काय मागून घ्यायचे आणि कामाच्या दिवशी हा घाट का घालू नये, हे तीनही तिच्यात आले आहे.

या टप्प्यावरचा नेहमीचा गोंधळ खरेदी आणि आवड यांचा असतो. नवा मिक्सर आणला म्हणून तो आवडींत येत नाही. त्याने दोन-तीन आठवडे नीट काम केल्यावर, पुढच्या महिन्यात तो आला तर चालेल. पुस्तक अर्धे वाचून झाले असेल तर ‘अर्धे वाचले’ असेच लिहावे आणि कुठे थांबलात तेही लिहावे. तीच आवड सलग दोन महिने आली तरी बिघडत नाही, मात्र दुसऱ्यांदा लिहिताना काही नवे सांगण्याजोगे हवे. एखादी नावडती गोष्ट एका ओळीत यायला हरकत नाही. उलट तिच्यामुळे बाकीच्या पाचांवर वाचकाचा विश्वास बसतो.

५. भटकंती लिहिताना जे इतरत्र मिळत नाही ते लिहा

लोहगडाचे उदाहरण घेऊ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले जे १२ किल्ले आले, त्यांत लोहगड आहे. गडाच्या वाटेवरची भाजे लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची असून तिथल्या चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी फासळ्या आजही दिसतात. ही माहिती कुठेही मिळते, म्हणून तुमच्या पानावर तिला एखाद्या वाक्याहून अधिक जागा देऊ नये. तुम्ही कसे गेलात, कुठे थांबलात, काय चुकवावे आणि परत कसे आलात, ही माहिती मात्र तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. उदाहरणार्थ:

‘लोहगड, ठाण्याहून, आषाढात. लोणावळ्यापर्यंत एक्स्प्रेस, पुढे पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने पहिलेच स्थानक मळवली. स्थानकातून निघून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाची वाट लागते. लेणी आधी पाहिली, कारण परतताना पायांत बळ राहत नाही. तिथून गायमुख खिंड गाठली. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून वर गेलो. पायऱ्या धुक्याने ओल्या होत्या आणि उतरताना चढताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब अरुंद सोंडेवर, वारा इतका होता की टोकाकडे न जाता अलीकडूनच पाहिले. मळवलीहून परतीच्या लोकल दुपारी विरळ असतात. वेळापत्रकाचा फोटो सकाळीच काढून ठेवावा. पावसाळ्यात रविवार टाळावा, दरवाजांत माणसांची कोंडी होते.’

ज्या महिन्यात प्रवास होत नाही त्या महिन्यात हा भाग गाळू नये. शहरातल्याच एखाद्या नव्या वाटेने स्थानकापर्यंत चालत जाणे, बसचा अनोळखी मार्ग शेवटच्या थांब्यापर्यंत पाहून येणे, बहिणीच्या नव्या घरी जाणे, हे सगळे भटकंतीत मोडते. माझ्या मते असे जवळचे प्रवासच पुढे अधिक रस घेऊन वाचले जातात, कारण दूरच्या सहलीचे फोटो तरी असतात, जवळच्या रस्त्याचे कोणी काढलेले नसतात.

ऋतूवर अवलंबून असलेल्या जागांच्या बाबतीत तारीख सर्वांत महत्त्वाची. कास पठारावर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुले असतात, पण तेरडा, गेंद, सोनकी आणि सीतेची आसवे यांचे बहर एकाच दिवशी येत नाहीत. पावसाने ओढ दिली की ते पुढे सरकतात. ‘सप्टेंबरमध्ये कासला गेलो’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या आठवड्यात कोणता रंग पठारावर होता, हे लिहावे. तिथली टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. तिची नोंद वर्षासह करून ठेवली नाही, तर पुढच्या बहराची वाट नेमकी कधी पाहायची हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

६. नेम तीनच ठेवा आणि त्यांना शेवटची तारीख द्या

चातुर्मासाच्या नेमाची रचना फार व्यवहारी आहे. तो आषाढी एकादशीला सुरू होतो, कार्तिकी एकादशीला सुटतो, आणि त्यात काय करायचे अथवा काय सोडायचे हे एका वाक्यात सांगता येते: कांदा-लसूण नाही, वांगे नाही, रोज एक अध्याय. धार्मिक भाग ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडून ही रचना तेवढी उचलावी. ‘तब्येतीकडे लक्ष देणे’ हा नेम होऊ शकत नाही, कारण तो पाळला की मोडला हे रात्री झोपताना सांगता येत नाही. ‘रात्री ११ नंतर फोन हातात नाही, ३१ तारखेपर्यंत’ हा नेम आहे.

वहीच्या एका पानावर डावीकडे तीन नेम लिहावेत आणि उजवीकडे महिन्याच्या दिवसांइतके रकाने आखावेत. नेम पाळला तर भरीव टिंब, मोडला तर पोकळ गोल, आणि आजारपण किंवा प्रवासामुळे तो लागूच नसेल तर आडवी रेघ. ही तिसरी खूण बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि मग तापात गेलेले चार दिवस मोडलेल्या नेमात मोजले जाऊन माणूस निष्कारण खट्टू होतो. रकाने रोज रात्री भरावेत. आठवड्याचे एकदम भरायला बसले की हात आपोआप भरीव टिंबांकडे वळतो.

यंत्राने मोजलेल्या आकड्यांवर थोडा अविश्वास ठेवावा. पावले मोजणारा फोन टेबलावर पडून राहिला तर स्वयंपाकघरातली दिवसभराची ये-जा त्याच्या हिशेबी नसतेच. फोनवर घालवलेला वेळ फोन स्वतः दाखवतो, परंतु जुन्या आठवड्यांचे आकडे तो कायम जपून ठेवत नाही. म्हणून दर रविवारी तो आकडा वहीत उतरवावा.

आढाव्यात लिहिताना टक्केवारी काढू नये. ‘सकाळचे चालणे: ३० पैकी १९ दिवस. दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पावसामुळे बंद, त्यानंतर पुन्हा सुरू व्हायला पाच दिवस लागले’ असे लिहिले की खरी अडचण उघड होते: पाऊस तीनच दिवस होता, चालणे मात्र आठ दिवस बंद राहिले. पुढच्या महिन्यात उपाय त्या पाच दिवसांवर करायचा असतो. वजन, रक्तदाब, औषधे यांच्या नोंदी स्वतःच्या वहीत ठेवाव्यात, ग्रुपवर पाठवू नयेत. तिथे सल्ल्यांना सुमार नसतो.

७. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक मारा

दीड तास पुरतो. आधी फोनमधले फोटो पहिल्या तारखेपासून पुढे पाहावेत, मग यूपीआयची यादी, मग वही, आणि ज्या गोष्टी दोन ठिकाणी भेटतील त्यांवर खूण करावी. लिहायला नेमांपासून सुरुवात करावी, कारण ते आकडे समोर तयार असतात. मग भटकंती लिहावी आणि आवडी शेवटी, हात मोकळा झाल्यावर. पाठवताना मात्र आवडी वर घ्याव्यात. एकूण मजकूर ५००-६०० शब्दांत बसवावा. त्यापुढे गेलेला आढावा सवडीने वाचू म्हणून बाजूला ठेवला जातो आणि ती सवड कोणाला मिळत नाही. फोटो चारांपेक्षा जास्त नकोत, आणि त्यांतल्या एकात तरी माणूस असावा.

८. पाठवण्यापूर्वी हे तपासा

- तिकिटाच्या फोटोत पीएनआर, बारकोड किंवा क्यूआर कोड दिसतो का. विमानाच्या बोर्डिंग पासवरील कोडातून आरक्षणाचा तपशील वाचता येतो, म्हणून तो झाकावा.
- आपण अजून घराबाहेर आहोत हे मजकुरातून कळते का. आढावा घरी परतल्यावरच पाठवावा.
- ज्यांची नावे किंवा फोटो घेतले आहेत त्यांना विचारले आहे का. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना विचारावे. शाळेचा गणवेश दिसणारा फोटो घेऊच नये.
- दुर्मीळ ऑर्किड, घुबडाची ढोली किंवा घरट्याची नेमकी जागा लिहिली आहे का. तालुक्याचे नाव पुरे. फुले ओरबाडणारे आणि घरट्यात कॅमेरा घालणारे, दोघेही वाचकांत असू शकतात.

९. जतन करताना नाव आकड्यांनी द्या

फाइलचे नाव ‘जुलै आढावा’ असे ठेवले की पुढच्या वर्षी त्याच नावाची दुसरी फाइल तयार होते. ‘२०२५-०७’ असे आधी वर्ष आणि मग महिना लिहिले तर सगळे आढावे आपोआप क्रमाने लागतात. दर सहा महिन्यांनी छापील प्रत काढून तिकिटांच्या लिफाफ्याबरोबर एका फायलीत लावावी. सुट्या कागदांवर तारीख हाताने लिहावी, आणि तीही शाईच्या पेनाने न लिहिता बॉलपेनने, कारण पावसाळ्यात कपाटात दमट हवा शिरली की शाई फुटते.

एखादा महिना हुकलाच, तर तो नंतर आठवून भरू नये. त्या महिन्याच्या नावाची फाइल करून तिच्यात का हुकला ते दोन ओळींत लिहावे, ‘परीक्षा’, ‘घर बदलले’, ‘बाबांचे ऑपरेशन’ असे काहीतरी, आणि चालू महिन्याच्या पहिल्या तारखेची ओळ वहीत लिहायला घ्यावी.